सुनील केदार, जिल्हा बँक आणि मधली २१ वर्षं

गांधीसागर_काठ

खूप दिवसांपासून लिहायचं होतं, राहून जात होतं. परवा नागपुरात बर्डीवर जुना मित्र भेटला, बोलता बोलता केदारांचा विषय निघाला, तर त्याच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे प्रकरणच माहीत नाही. त्याला एवढंच माहीत की सावनेरचे कोणी माजी मंत्री होते, त्यांना शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. कशासाठी, पैसे कोणाचे होते, काहीच नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून काढतो, ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी भर घाला, चुकलं तर सांगा.

मी नागपूरच्या महाल भागातला. गांधीसागरजवळची जिल्हा बँकेची बिल्डिंग पाहत मोठा झालो. पूर्ण नाव नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, पण एवढं लांब नाव कोणी घेत नाही, जिल्हा बँक म्हटलं की झालं. लहानपणी तिथे बाहेर सकाळी खेड्यातले लोक दिसायचे, धोतर, टोपी, हातात पिशवी, पिशवीत सातबारा आणि पासबुक. काटोल, नरखेड, भिवापूर, उमरेड कुठून कुठून आलेले. ही बँक शहरातल्या व्यापाऱ्यांची नव्हतीच कधी, ती खरीप-रब्बीच्या पीककर्जाची बँक होती. हे आधी डोक्यात ठेवा मग पुढचं वाचा.

२००१-०२ मधे सुनील केदार बँकेचे अध्यक्ष होते. तेव्हा बँकेचे पैसे सरकारी रोखे घ्यायला म्हणून खासगी दलाल कंपन्यांना दिले गेले. होम ट्रेड, इंद्रमणी मर्चंट्स, सेंच्युरी डीलर्स, सिंडिकेट मॅनेजमेंट, गिल्टएज मॅनेजमेंट, अशा पाच कंपन्या. पैसे गेले, रोखे काही आले नाहीत. रक्कम व्याजासकट साधारण १५० कोटींच्या घरात, पेपरवाले दीडशे कोटींचा घोटाळा असंच लिहायचे. २००२ साली गणेशपेठ पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडे गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे दोषारोपपत्रही कोर्टात आलं. म्हणजे तपास सहा-सात महिन्यात झाला, हे लक्षात घ्या.

आणि निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. शुक्रवार होता. अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टानं केदार, बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि दलाल मंडळी मिळून सहा जणांना दोषी ठरवलं, तिघांना सोडलं. पाच वर्षं सश्रम कारावास आणि साडेबारा लाखाचा दंड. दुसऱ्याच दिवशी विधानमंडळाची अधिसूचना निघाली, आमदारकी रद्द. नागपूरचं हिवाळी अधिवेशन २० तारखेला संपलं होतं, म्हणजे बुधवारपर्यंत माणूस विधानभवनात आमदार होता आणि आठवडा संपायच्या आत काहीच नव्हता.

मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती शिक्षा कमी का जास्त ही नाही. दोषारोपपत्र २००२ चं, निकाल २०२३ चा. या २१ वर्षात केदार २००४ ला निवडून आले, २००९ ला आले, २०१४ ला आले, २०१९ ला आले, आणि ३० डिसेंबर २०१९ ला कॅबिनेट मंत्री झाले. पशुसंवर्धन, दुग्धविकास, क्रीडा. आणि त्याच २१ वर्षात बँक इतकी खालावली की २०१४ ला तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचं लायसन्ससुद्धा नव्हतं, नवीन ठेवी घ्यायला बंदी होती. एकाच प्रकरणातून निघालेले हे दोन रस्ते, एक वर गेला एक खाली. हे कसं होऊ दिलं आपण सगळ्यांनी, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

पाटणसावंगी_रोड

भाऊ चांगलं लिहिलं. मी सावनेर तालुक्यातला आहे म्हणून निवडणुकीचं मी सांगतो, कारण नागपुरात बसून लोकायले वाटते का सावनेरचे लोक डोळे मिटून मत देत होते. तसं नाही राजेहो.

केदारांचं घराणं आमच्याकडे जुनं आहे. वडील छत्रपाल केदार, त्यायले सगळे बाबासाहेब म्हणत, सहकारात मोठं नाव. सुनीलबाबू १९९५ ला पहिल्यांदा अपक्ष निवडून आले, वय कमी होतं, अपक्ष येणं म्हणजे काय ते तेव्हाच्या लोकायले विचारा. युतीच्या सरकारात राज्यमंत्री झाले. १९९९ ला भाजपच्या देवराव आसोलेंकडून हरले. मग बँकेचं प्रकरण झालं आणि त्याच्या दोन वर्षानी, गुन्हा दाखल असताना, २००४ ला परत आले. का आले?

कारण माणूस भेटत होता. ट्रान्सफॉर्मर जळला, एमएसईबीवाला फोन उचलत नाही, तर लोक त्यायच्याकडे जायचे आणि त्यायच्या एका फोननं दुसऱ्या दिवशी गाडी यायची. कोळसा खाणीत जमीन गेली, मोबदल्याचं अडलं, तर ते जाऊन टेबलासमोर उभे राहायचे. आवाज चढवायचे, अधिकारी घाबरायचे, हे खरं आहे, आणि ते चांगलं का वाईट हे तुम्ही ठरवा, पण ज्याच्या वावरात पाणी चाललं आहे आणि लाईन नाही त्याले ते चांगलंच वाटते. बँकेचे पैसे गेले ते कोर्टात आहे, चालू आहे, होईल. ट्रान्सफॉर्मर आज जळला आहे. असा हिशोब होता लोकायचा. मीही त्यातलाच, दोनदा मत दिलं आहे, लपवत नाही.

वैदर्भीय_पुण्यात

+१. आणि समोर कोण होतं तेही पहायला पाहिजे. २०१४ ला भाजपच्या उमेदवाराचा अर्जच बाद झाला होता, लढत शिवसेनेशी झाली. २००९ ला आशिष देशमुख भाजपकडून होते ते थोडक्यात हरले, मग ते काटोलला गेले, मग काँग्रेसमधे आले, मग परत भाजपमधे गेले. २०१९ ला केदार २६ हजारांच्या फरकानं जिंकले होते.

दुसरं, होम ट्रेडचं नाव वाचून एकदम आठवलं. मी तेव्हा कॉलेजला होतो. टीव्हीवर जाहिरात लागायची, सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन तिघंही होते, आणि जाहिरात पाहून कंपनी नेमकं काय करते ते काही समजायचं नाही. ऑफिस वाशीला, रेल्वे स्टेशनच्या त्या चकाचक बिल्डिंगमधे. आमच्या रूमवर वाद व्हायचा की ही शेअरची कंपनी का इंटरनेटची. आज विचार केला की पोटात कसंतरी होतं, त्या जाहिरातीच्या काळात भिवापूरच्या मिरचीवाल्या शेतकऱ्याचा पैसा त्यांच्याकडे चालला होता आणि त्या शेतकऱ्यानं कंपनीचं नाव पण ऐकलं नसेल.

खतावणी

मी विदर्भातल्याच एका सहकारी बँकेत २९ वर्षं काढली, ही बँक नाही, दुसरी. गुंतवणूक विभागात होतो म्हणून तांत्रिक बाजू लिहितो, जरा लांबेल, सहन करा.

प्रत्येक बँकेला ठेवींचा एक हिस्सा सुरक्षित ठिकाणी ठेवावाच लागतो, त्याला एसएलआर म्हणतात. त्यातला बराच भाग सरकारी रोख्यात जातो. सरकारी रोखा म्हणजे सरकारनं घेतलेलं कर्ज, सरकार बुडत नाही म्हणून जगातली सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक समजतात. मग त्यात दीडशे कोटी बुडतातच कसे, हा प्रश्न मला माझ्या बायकोनं २००२ मधे विचारला होता.

उत्तर असं की रोखा बुडत नाही, पण तुम्ही रोखा घेतलाच नसेल तर बुडायचा प्रश्नच नाही, तुमचे पैसे आधीच गेलेले असतात. व्यवस्थित पद्धत अशी की रोखे तुमच्या नावानं रिझर्व्ह बँकेच्या वहीत जमा व्हायला पाहिजेत. मोठ्या बँकांचं तिथे स्वतःचं एसजीएल खातं असतं, लहान बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत ठेवतात. पैसे एका हातानं, रोखे दुसऱ्या हातानं, एकाच वेळी. पण त्या काळात बऱ्याच सहकारी बँका दलालाच्या नावानं चेक काढायच्या आणि दलाल एक कॉन्ट्रॅक्ट नोट द्यायचा. अमुक टक्क्याचा, अमुक सालात परत मिळणारा रोखा तुमच्यासाठी घेतला, असं त्या कागदावर लिहिलेलं. तो कागद म्हणजे रोखा नाही. तो फक्त दलालाचा शब्द आहे. बँकेनं रोखे मागितले की दलाल म्हणणार तो विकला, नफा झाला, त्याच्यातून दुसरा घेतला, ही घ्या नवीन नोट. बँकेच्या वहीत गुंतवणूक दिसते, नफा दिसतो, ऑडिटरला फाईल दिसते. फाईलमधे रोखा सोडून सगळं असतं.

१९९२ च्या शेअर घोटाळ्यात पण हेच होतं, फक्त कागद वेगळा, तेव्हा बँक रिसीट होती. दहा वर्षात मोठ्या बँका शहाण्या झाल्या आणि दलाल सहकारी बँकांकडे वळले. २००२ मधे एकट्या नागपूरचं नाव नव्हतं, वर्धा, उस्मानाबाद जिल्हा बँकांचे पण पैसे या जाळ्यात गेले होते. नंतर नियम कडक झाले, आज असा व्यवहार करता येत नाही.

आमच्या बँकेत पण एक दलाल आला होता. आमचे मॅनेजर म्हणाले, आधी रोखा दाखव. तो परत आला नाही. एवढाच प्रश्न विचारायचा होता, त्याला काही फार मोठं ज्ञान लागत नाही, म्हणून मला या प्रकरणाचा राग येतो.

नंदनवन_मधली_मी

खतावणी काका, फार सोपं करून सांगितलंत, धन्यवाद. माझा एक प्रश्न. अध्यक्ष काही रोज काउंटरवर बसत नाही. संचालक मंडळ होतं, मॅनेजर होते, ऑडिट होतं, वर जिल्हा उपनिबंधक होते. मग अध्यक्ष दोषी कसा?

खतावणी

ताई, मॅनेजरलाही शिक्षा झालीच आहे. पण सहकारी बँकेत अध्यक्षाचा शब्द काय असतो ते आत बसलेल्यालाच कळतं. मॅनेजरची बदली, मुदतवाढ, पोराची नोकरी, सगळं त्याच्या हातात. एवढी मोठी रक्कम बाहेरच्या दलालाला द्यायची आणि अध्यक्षाला माहीत नाही असं होत नाही. कायद्याचं कोणी वकील असेल तर सांगेल.

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

सांगतो. शिक्षा मुख्यतः तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली आहे. साधा विश्वासघात ४०६, त्याला तेव्हा तीन वर्षापर्यंत. ४०९ हे लोकसेवक, बँकर, एजंट यांच्यासाठी, म्हणजे ज्याच्या हातात दुसऱ्याची मालमत्ता त्याच्या पदामुळे आली आहे त्याच्यासाठी. त्याला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. कायदा इथे जास्त कडक का, तर तुम्ही लोकांचा पैसा सांभाळायला बसला होता म्हणून. पैसा शेवटी कोणाच्या खिशात सापडला एवढ्यावर ते कलम थांबत नाही. सोबत बनावट दस्तऐवज आणि कटाची कलमं होती.

आमदारकीचं लोकांना कळत नाही म्हणून तेही सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८(३), दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र, आणि शिक्षा भोगून सुटल्यावर आणखी सहा वर्षं. आधी ८(४) नावाची पळवाट होती, बसलेल्या आमदार-खासदारानं तीन महिन्यात अपील केलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत पद सुरक्षित. सुप्रीम कोर्टानं लिली थॉमस प्रकरणात १० जुलै २०१३ ला ती रद्द केली. केदारांचा निकाल २०१२ ला लागला असता तर ते अपील करून आमदार राहिले असते.

आणखी एक. शिक्षेला स्थगिती वेगळी, दोषसिद्धीला स्थगिती वेगळी. पहिलीमुळे तुम्ही तुरुंगाबाहेर येता, दुसरीमुळे पद परत मिळतं. राहुल गांधींना ऑगस्ट २०२३ मधे सुप्रीम कोर्टातून दुसरी मिळाली म्हणून खासदारकी परत आली. केदारांना सेशन कोर्टानं आधी काहीच दिलं नाही, जानेवारी २०२४ मधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला, आणि जुलै २०२४ मधे त्याच खंडपीठानं दोषसिद्धीला स्थगिती द्यायला नकार दिला. त्यामुळे विधानसभा २०२४ ला ते उभे राहू शकले नाहीत.

हात_आमचा_पक्का

सगळे एकाच बाजूनं लिहून राहिले म्हणून लिहितो. मी काँग्रेसचा कार्यकर्ता आहे, सुनीलबाबूंना मानतो. अपील बाकी आहे हे कोणीच नीट लिहिलं नाही. खालच्या कोर्टाचा निकाल म्हणजे शेवट नाही. आणि आम्ही तर असंच समजत आलो की दलाल कंपन्यांनी बँकेला फसवलं, बँक स्वतः फसलेली आहे. दुसरी गोष्ट टायमिंग. २८ डिसेंबर २०२३ ला काँग्रेसच्या स्थापना दिनाची मोठी सभा नागपुरात होती, ग्रामीण भागातून माणसं आणायची सगळी भिस्त त्यांच्यावर, आणि सहा दिवस आधी हा माणूस आत. आमच्या मनात जे आलं ते आलं. ते सुटले त्या दिवशी जेलपासून जी गर्दी झाली ती भाड्याची नव्हती, मी होतो तिथे.

आणि जून २०२४ चा लोकसभेचा निकाल पहा ना. आमच्या उमेदवार रश्मी बर्वेंचं जात प्रमाणपत्र रद्द झालं, उमेदवारी गेली, ऐन वेळी त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि रामटेक लोकसभा ७६ हजारांच्या वर मतांनी जिंकली. कोणाच्या जोरावर? शिक्षा झाल्यावर सहा महिन्यांनी.

गांधीसागर_काठ

भाऊ तुमचं म्हणणं मनापासून वाचलं. अपील बाकी आहे ते बरोबर, मी पहिल्या पोस्टमधे लिहायला पाहिजे होतं, राहिलं, माझी चूक. वरच्या कोर्टात जे ठरेल ते मी मानीन.

पण टायमिंगचं मला पटत नाही. हा निकाल २००६ मधे लागला असता तर स्थापना दिनाच्या सहा दिवस आधी आला असता का? २१ वर्षं खटला लांबला म्हणूनच तो कोणत्या ना कोणत्या निवडणुकीच्या, सभेच्या तोंडावर येणार होता. तो लांबवला कोणी? एकदा हा अर्ज, एकदा ती स्थगिती, एका आरोपीचा खटला वेगळा, वेगवेगळ्या शहरात गुन्हे म्हणून ते एकत्र करा अशी मागणी. शेवटी हायकोर्टाला सांगावं लागलं की रोजच्या रोज सुनावणी घ्या, तेव्हा हललं. आणि या मधल्या काळात राज्यात कोणाकोणाची सरकारं होती ते आठवा, दोन्हीकडची होती. घाई कोणालाच नव्हती. तुमच्या विरोधी पक्षालाही नव्हती हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला इथे पक्षाचं भांडण नको आहे.

बँक फसली म्हणता, ते ठीक. पण घरात चोरी झाली आणि दाराची किल्ली ज्याच्याकडे होती त्यानंच दार उघडून दिलं असं कोर्ट म्हणत असेल तर त्या घराच्या म्हाताऱ्यानं काय समजावं.

पाटणसावंगी_रोड

रामटेकचं खरं आहे, लोकसभेला आमच्याकडे सुनीलबाबूंचाच जोर होता, जिल्हा परिषदही २०२० पासून त्यायच्याच हातात होती. पण नोव्हेंबर २०२४ मधे काय झालं ते पण लिहा ना. विधानसभेला स्वतः उभे राहता येत नव्हतं म्हणून पत्नी अनुजाताई उभ्या राहिल्या. समोर तेच आशिष देशमुख, १५ वर्षांपूर्वी हरलेले. आणि ते २६ हजारांच्या वर फरकानं जिंकले. २०१९ ला जेवढ्यानं सीट आली जवळपास तेवढ्यानंच गेली.

आता यात लाडकी बहीण किती, राज्यातली लाट किती, बँकेचा निकाल किती, मले वेगळं करून सांगता येत नाही. पण गावात मी एक बदल पाहिला. पहिले पारावर बँकेचा विषय निघाला का कोणी ना कोणी म्हणायचं, आरोप आहेत, सिद्ध काय झालं? हे वाक्य २० वर्षं चाललं. डिसेंबर २०२३ नंतर ते वाक्य बंद झालं. कोणी शिव्या दिल्या नाही, नुसतं ते वाक्य कोणी बोलेनासं झालं.

वैदर्भीय_पुण्यात

जळगावचा घरकुल घोटाळा पण असंच, माजी मंत्री सुरेश जैन, ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळे कोर्टानं सात वर्षं दिली, प्रकरण नव्वदच्या दशकातलं. आपल्याकडे माणूस आजोबा झाल्यावर निकाल लागतो.

नंदनवन_मधली_मी

मला वसुलीचं विचारायचं होतं. दंड साडेबारा लाख, रक्कम दीडशे कोटी. बाकीचे पैसे?

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

फौजदारी खटला वेगळा आणि वसुली वेगळी ताई. वसुलीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ८८. त्यात चौकशी अधिकारी नेमून कोणामुळे किती नुकसान झालं ते ठरवतात आणि तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करायचा आदेश देतात. याही प्रकरणात ८८ ची चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली, त्यावरही कोर्टबाजी झाली. वकील म्हणून सांगतो, शेतकऱ्याच्या दृष्टीनं खरं कलम हे ८८ आहे. कोणी जेलमधे गेल्यानं बँकेच्या खात्यात एक रुपया जमा होत नाही.

खतावणी

पैसे कोणी भरले ते मी सांगतो, तुम्ही-आम्ही भरले. नोव्हेंबर २०१४ मधे केंद्रानं देशातल्या २३ विनापरवाना जिल्हा बँका वाचवायची योजना मंजूर केली. उत्तर प्रदेशच्या १६, जम्मू-काश्मीरच्या ३, बंगालची १ आणि महाराष्ट्राच्या ३, त्या तीनही विदर्भातल्या, नागपूर, वर्धा, बुलढाणा. एकूण भांडवल २,३७५ कोटी, त्यात केंद्राचे ६७३, राज्यांचे १,४६४ आणि नाबार्डचे २३७ कोटी. हा कराचा पैसा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, बँक फक्त रोख्यांमुळेच खाली आली असं म्हणणं बरोबर नाही. थकबाकी होती, कर्जमाफीच्या आशेनं वसुली थांबायची, दुष्काळ होते. पण धट्टाकट्टा माणूस ताप सहन करतो, ज्याचं रक्त आधीच काढून घेतलं आहे तो करू शकत नाही. आणि जिल्हा बँक पडली की खाली गावच्या सेवा सहकारी सोसायट्या आपोआप पडतात, कारण सोसायटीकडे स्वतःचा पैसा नसतो, ती बँकेकडून घेऊन सभासदाला देते. मार्चमधे नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरायचं, आणि जूनमधे परत उचलायचं, या चक्रावर अख्खं गाव चालतं. चक्र एक वर्ष थांबलं की माणूस सावकाराच्या ओट्यावर.

हात_आमचा_पक्का

खतावणी काका हे नवं-जुनं वालं तुम्ही लिहिलं ते खरं आहे, माझ्या मामाच्या घरी हेच झालं होतं, जिल्हा दुसरा. माझं मत सुनीलबाबूंबद्दल बदललं नाही, पण ८८ ची चौकशी लवकर संपावी हे मलाही वाटते. ज्याच्याकडून निघते त्याच्याकडून निघो.

पळसाचं_पान

पहिल्यांदाच लिहीत आहे, दोन दिवस नुसतं वाचत होते. माझे बाबा गटसचिव होते. आमचा जिल्हा नागपूर नाही आणि बँकही ही नाही, नाव लिहीत नाही. पण आमच्याही बँकेचा पैसा त्याच सुमारास अडकला आणि त्या वर्षी मृग लागला तरी सोसायटीत कर्ज आलं नाही.

गटसचिव म्हणजे काय हे शहरात कोणाला माहीत नसेल. सोसायटीचा सगळा कागद तोच लिहितो, पगार कमी, आणि गावातल्या प्रत्येकाच्या घरी बसणं-उठणं. बँकेचा अध्यक्ष लोकांना दिसत नाही, गटसचिव दिसतो. त्यामुळे लोक बाबांना विचारायचे. सकाळी सहा वाजता ओसरीत येऊन बसायचे, बोलायचे काही नाही, आई चहा द्यायची, चहा पिऊन थोडा वेळ बसायचे आणि निघताना विचारायचे, सचिव साहेब, या आठवड्यात येईल का? बाबा म्हणायचे येईल. त्यांना माहीत होतं येणार नाही. एक काका तर बैल विकून आले होते बियाण्यासाठी आणि तरी बाबांना विचारायला आले, कारण वर्षानुवर्षाची सवय, जून आला की सोसायटीत यायचं. बाबांनी आमच्या घरचे थोडे पैसे काही लोकांना दिले, आईनं तिची पाटली मोडली, ते मला खूप नंतर कळलं. ते पैसे ज्यांना जमलं त्यांनी परत केले.

नागपूरचा निकाल आला तेव्हा बाबा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. मी मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली, मग विचारलं, आपल्या बँकेचं काय झालं? मी म्हटलं यात तिचं काही नाही बाबा, ही नागपूरची आहे. ते उठले आणि आतून जुनी डायरी घेऊन आले, तिच्यात त्या वर्षीच्या सभासदांची यादी आहे, नाव, गट नंबर, किती एकर, किती कर्ज मागितलं होतं. पेन घेतलं आणि जे वारले त्यांच्या नावापुढे खूण करत बसले. मला विचारत होते, हा गेला ना गं, आणि हा? मी सांगत होते. तीन पानं झाली तेव्हा आईनं जेवायला हाक मारली.

डायरी अजून त्यांच्या उशाशी आहे. काळा कोट दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. ८८ ची चौकशी आमच्या बँकेची झाली की नाही हे कुठे कळेल? माहितीच्या अधिकारात अर्ज कोणाकडे करायचा, जिल्हा उपनिबंधकांकडे का विभागीय सहनिबंधकांकडे?

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

ताई, आधी जिल्हा उपनिबंधकांकडे करा. दुसऱ्या कार्यालयाची माहिती असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसात अर्ज पुढे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तुम्हाला परत धावायची गरज नाही. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्जात तीनच गोष्टी मागा, चौकशीचा आदेश कधी निघाला, अहवाल आला असेल तर त्याची प्रत, आणि आजपर्यंत वसूल झालेली रक्कम. तीस दिवसात उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याचा मसुदा मी करून देतो, पैसे नकोत. बँकेचं नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा.

पळसाचं_पान

केला मेसेज. अर्ज बाबांच्या नावानं करते, सही ते स्वतः करतील.